मजुरीवर पहिला हक्क कोणाचा?



आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न वारंवार निघतो. आणि तो बहुधा उपासना संपल्यावर, देवळाबाहेर चपला पायात घालताना, हळू आवाजात निघतो, कारण विचारणाऱ्यास थोडी लाज वाटत असते. प्रश्न असा की, मनुष्य घाम गाळून जी मजुरी मिळवितो तिजवर पहिला हक्क कोणाचा? त्याच्या मुलाबाळांचा, की ज्याचे तो देणे लागतो त्याचा? आणि मनुष्य एका राज्यात राहत असून दुसऱ्या राज्यात काम करीत असला, तर ह्या प्रश्नाचे उत्तर बदलते काय?

हा विषय वकिलांचा आहे, उपदेशकांचा नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या शास्त्रात गरिबाच्या पांघरुणाविषयी व त्याच्या घरच्या जात्याविषयी आज्ञा दिलेल्या आहेत, त्या शास्त्राच्या वाचकांनी असे म्हणणे शोभत नाही. जात्याची तळी गहाण घेऊ नये, कारण तसे करणे म्हणजे मनुष्याचा जीवच गहाण घेणे होय, असे अनुवादाच्या २४ व्या अध्यायात सांगितले आहे. देवाने ज्या गोष्टीत लक्ष घातले ती गोष्ट आम्हास हलकी नसावी.

प्रथम एक उदाहरण कल्पून पाहू. कागल सोडून कोगनोळीकडे निघाले की थोड्याच अंतरावर महाराष्ट्राची हद्द संपते व कर्नाटकाची लागते. पुढे निपाणी आहे. रोज सकाळी कितीतरी माणसे इकडून तिकडे कामास जातात व सायंकाळी घरी परततात. सावंतवाडी व दोडामार्ग ह्या बाजूचे तरुण तसेच गोव्यातील कारखान्यांत जातात. शेताचा बांध ओलांडावा तितकी ती हद्द त्यांस सोपी झालेली असते. अशांपैकी एकास आपण शमुवेल म्हणू. तो कागलजवळच्या एका खेड्यात राहतो व निपाणीच्या एका खासगी कारखान्यात महिन्याच्या पगारावर कारकून आहे. दोन वर्षांमागे बहिणीच्या लग्नासाठी त्याने शेजारच्या रूथबाईकडून एक लाख रुपये बिनव्याजी घेतले. रूथबाई विधवा, म्हैस विकून आलेले व वर्षानुवर्षे पै पै करून साठविलेले असे ते पैसे होते. मंडळीतील योहानतात्यांनी जामीन म्हणून कागदावर सही केली. आता शमुवेल म्हणतो, "मावशी, माझा पगार कर्नाटकात होतो. कागलच्या कोर्टाचा हात तेथवर पोहोचत नाही. शिवाय माझी मुले लहान आहेत. मी काय करू?"

ह्या बोलण्यात तीन गोष्टी आहेत. न्यायालयाचा हात पोहोचत नाही, ही एक. मुले लहान आहेत, ही दुसरी. तिसरी त्याने तोंडाने म्हटली नाही, पण मनात धरली आहे, ती अशी की, म्हणून मी मोकळा आहे. पहिल्या दोहोंत काही सत्य आहे. तिसरीत मुळीच नाही.

न्यायालयाच्या हाताची गोष्ट आधी पाहू. आपल्या देशात दिवाणी दाव्यांची रीत १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने ठरली आहे. तिच्या ६० व्या कलमात, ऋणासाठी काय जप्त करावे व काय करू नये, हे सांगितले आहे. ऋणकोचे व त्याच्या बायकामुलांचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे आणि त्यास पोट भरण्यापुरती लागणारी गुरे व बियाणे, ही धनकोस नेता येत नाहीत. हे वाचताना अनुवादातील पांघरुणाची व जात्याची आठवण कोणास होणार नाही?

त्याच कलमात मजुराची व घरगड्याची मजुरीही घातली आहे. ती पैशाने मिळो वा धान्याने मिळो, ती जप्त करता येत नाही. महिन्याचा पगार घेणाऱ्याचा नियम निराळा. त्याच्या पगारातील पहिले १,००० रुपये व उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. बाकीचा भाग तेवढा जप्त होतो. समजा, शमुवेलास १६,००० रुपये पगार आहे. पहिले १,००० बाजूस काढले. उरलेल्या १५,००० पैकी १०,००० सुरक्षित. म्हणजे ११,००० त्याच्या घरी जातील व ५,००० ऋणाकडे वळविता येतील. पहिल्या रकमेचा हा आकडा २००२ पूर्वी ४०० रुपये होता. त्या वर्षापासून तो १,००० झाला. आजच्या महागाईत तो फारच लहान दिसतो, तरी त्यामागील हेतू स्पष्ट आहे: धनको येण्यापूर्वी भाकर घरात गेली पाहिजे.

आता हद्दीचा प्रश्न. शमुवेल सरकारी नोकर किंवा रेल्वेचा नोकर असता, तर पगार वाटणारा अधिकारी न्यायालयाच्या हद्दीत असो वा नसो, कागलकडील न्यायालयास पगार कापण्याचा हुकूम थेट त्याजकडे पाठविता आला असता. परंतु शमुवेल खासगी कारखान्यात आहे. अशा नोकरांसाठी १९७६ साली जो नियम घातला गेला, त्याप्रमाणे पगार वाटणारा अधिकारी ज्या न्यायालयाच्या हद्दीत असेल त्याच न्यायालयाने हुकूम करावयाचा असतो. तेव्हा रूथबाईस कागलकडे दावा जिंकून हुकूमनामा मिळवावा लागेल, मग तो निपाणीकडील न्यायालयाकडे वर्ग करून मागावा लागेल, आणि तेथे अंमलबजावणीची दरखास्त द्यावी लागेल. हद्दीबाहेरील मनुष्यावर किंवा मालमत्तेवर न्यायालयाने आपण होऊन हुकूमनामा बजावू नये, हे २००२ पासून संहितेत उघड शब्दांत सांगितले आहे.

तेव्हा शमुवेलाचे म्हणणे अर्धे खरे ठरते. कागलच्या न्यायालयाचा हात हद्दीवर थांबतो. परंतु तेथे तो हुकूमनामा पलीकडच्या न्यायालयाच्या हाती देतो. कायदा हद्दीवर मरत नाही, त्याची चाल मात्र मंदावते. कागद जावयास, नोटिसा निघावयास, तारखा पडावयास वेळ लागतो; आणि ह्याच वेळावर लबाड ऋणकोची सारी भिस्त असते. परराज्यात वकील देणे विधवेस परवडत नाही, तेथील कचेरीची भाषा तिला कळत नाही, एक दिवस तिकडे जावे तर त्या दिवसाची मजुरी बुडते. हे सर्व शमुवेलास ठाऊक आहे. म्हणून "कोर्टाचा हात पोहोचत नाही" ह्या त्याच्या शब्दांचा खरा अर्थ असा की, मावशी, तू गरीब आहेस हे मी ओळखून आहे.

शेवटी रूथबाई काय करील? ती योहानतात्यांकडे जाईल. जामिनाची जबाबदारी ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते, असे १८७२ चा करार कायदा म्हणतो; आणि योहानतात्या हद्दीच्या अलीकडेच राहतात. पळणाऱ्याचे ओझे थांबणाऱ्याच्या डोक्यावर पडते. कितीतरी मंडळ्यांत दोन घरांचे बोलणे बंद झाले आहे, प्रभुभोजनाच्या वेळी एक जण पुढे येतो व दुसरा मागे बसून राहतो, त्याचे मूळ अशाच एखाद्या जामीनकीत सापडेल.

परंतु हद्दीचा गैरफायदा केवळ ऋणकोच घेतो असे नाही. धनकोही घेतो. ह्याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेत घडले. तेथे प्रत्येक राज्याचे कायदे निराळे; एका राज्यात मजुरी जप्त होत नसेल, तर शेजारच्या राज्यात होत असेल. कॅन्सस राज्यात स्टर्म नावाचा एक मनुष्य रेल्वे कंपनीत काम करीत होता. कुटुंबाच्या पोषणास लागणारी त्याची मजुरी कॅन्ससच्या कायद्याने जप्तीपासून मुक्त होती. त्याच्या धनकोने काय केले? ती रेल्वे आयोवा राज्यातूनही जात असे. धनकोने आयोवात दावा लावला आणि कंपनीकडे स्टर्मचे जे वेतन देणे होते त्यावर तेथे जप्ती आणली. कॅन्ससच्या न्यायालयांनी कंपनीस सांगितले की, मजुराची मजुरी मजुरास द्या. परंतु प्रकरण वॉशिंग्टन येथील सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १८९९ साली निकाल असा लागला की, आयोवातील न्यायालयाचे काम ग्राह्य धरले पाहिजे. ज्या राज्यात मनुष्य घाम गाळीत होता, त्या राज्याने त्याच्या भाकरीभोवती घातलेले कुंपण दुसऱ्या राज्यात जाऊन मोडण्यात आले.

तेव्हा काही राज्यांनी असा कायदा केला की, मजुरीचे संरक्षण चुकविण्याच्या हेतूने दावा परराज्यात नेणे हाच गुन्हा समजावा. तरी साऱ्या देशास लागू होणारी मर्यादा येण्यास १९६८ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या कायद्याने ठरविले की, साधारण ऋणासाठी, कायद्याने होणाऱ्या कपाती जाऊन जी साप्ताहिक मजुरी हाती उरते तिच्या चौथ्या हिश्शाहून अधिक कापू नये. आणि किमान ताशी मजुरीच्या तीसपट रक्कम तर प्रत्येक आठवड्यास अबाधित राहावी. देशाची किमान मजुरी आज ताशी ७ डॉलर २५ सेंट आहे, म्हणजे आठवड्यास २१७ डॉलर ५० सेंट सुटले. एकाच ऋणापायी पगार कापावा लागला म्हणून मालकाने मजुरास कामावरून काढू नये, असेही त्यात आहे. कोणत्याही राज्याने ह्याहून कमी दया दाखवू नये. अधिक दाखवावयाची तर मोकळीक आहे. टेक्सस व पेनसिल्व्हेनिया अशा राज्यांत साध्या उधारीसाठी मजुरी बहुधा कापताच येत नाही. १८९९ पासून १९६८ पर्यंत एकोणसत्तर वर्षे होतात. दयेस हद्द ओलांडावयास इतका काळ लागला. लोभाने ती एका दाव्यात ओलांडली होती.

असे पाहा की, निपाणीकडे पाहून हसणारा शमुवेल आणि आयोवाकडे धावणारा तो धनको, हे दोघे एकाच कुळातले आहेत. दोघांनीही कायदा मोडला नाही. दोघांनीही कायद्याची हद्द कोठे संपते हे पाहून, तेथे आपले कर्तव्यही संपते असे मानले. एकाने हद्दीपाशी ऋण टाकले, दुसऱ्याने हद्दीपाशी दया टाकली.

आता आपण आपल्या मुख्य प्रश्नाकडे येऊ: पहिला हक्क कोणाचा? शास्त्रात ह्याची दोन उत्तरे दिसतात, आणि वरवर पाहणाऱ्यास ती परस्परविरुद्ध वाटतील. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात एका विधवेची गोष्ट आहे. धनको तिच्या दोन मुलांस दास करून नेण्यास आला होता. अलीशाच्या शब्दाने तिच्या घरी तेलाची भांडी भरली. तेव्हा संदेष्ट्याने तिला काय सांगितले? तेल विकून आधी देणे फेडावे, मग जे उरेल त्यावर तिने व तिच्या मुलांनी निर्वाह करावा. येथे ऋण आधी आहे, भाकर मागून आहे. आणि अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात धनकोस काय सांगितले आहे? गहाण घेण्यास ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे. तो गरीब असेल तर त्याचे पांघरूण सूर्य मावळण्यापूर्वी परत द्यावे, म्हणजे तो त्यात निजून आशीर्वाद देईल. येथे गरिबाची ऊब आधी आहे, ऋण मागून आहे.

ह्या दोन आज्ञा परस्परविरुद्ध नाहीत, कारण त्या एकाच मनुष्यास दिलेल्या नाहीत. पहिली ऋणकोस आहे, दुसरी धनकोस. ऋणकोच्या विवेकाने म्हणावे, "आधी मावशीचे पैसे." धनकोच्या विवेकाने म्हणावे, "आधी लेकरांची भाकर." दोघांनी असे म्हटले तर मध्ये न्यायालयाची गरजच पडणार नाही. परंतु आम्ही काय करतो? प्रत्येक जण दुसऱ्यास दिलेली आज्ञा पाठ करतो. ऋणको धनकोस दयेचे वचन ऐकवितो, आणि धनको ऋणकोस फेडीचे वचन ऐकवितो. दोघांच्याही तोंडी शास्त्र असते, आणि दोघांपैकी कोणीही शास्त्र पाळीत नाही. सदतिसाव्या स्तोत्रातील एकाच वचनात उसने घेऊन न फेडणारा दुर्जन व दया करून देणारा नीतिमान ह्या दोघांची नावे शेजारी शेजारी आली आहेत. वाचणाऱ्याने त्यांतील आपली जागा शोधावी, शेजाऱ्याची नव्हे.

कोणी म्हणेल, "मजुराची मजुरी तर कायद्यानेच मोकळी ठेवली आहे. मग मजुराने देणे फेडावेच कशाला?" ह्यास उत्तर हे की, कायद्याने मजुरीभोवती कुंपण घातले ते मुलांच्या भाकरीसाठी, लबाडी लपविण्यासाठी नव्हे. कुंपणाच्या आत भाकर आहे तोवर ते पवित्र आहे. आत दारूची बाटली, लग्नातील मोठेपणा, किंवा शेजाऱ्यास दाखविण्यासाठी घेतलेली नवी गाडी असेल, तर मुलांचे नाव पुढे करणे म्हणजे मुलांस ढाल करणे होय. शमुवेलाच्या घरी ११,००० रुपयांत भाकर होत असेल तर उरलेले ५,००० मावशीचे आहेत, हे त्याला सांगावयास न्यायालय कशाला पाहिजे? आणि खरोखरच होत नसेल, घरात आजार असेल, तर ५०० रुपये घेऊन तिच्या दारी जाण्यास तरी कोण अडवितो? दरमहा दारात येणारे ५०० रुपये पाहून रूथबाईस जितका धीर येईल, तितका हुकूमनामा पाहून येणार नाही.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्या संहितेने साधारण धनकोपासून पगाराचा मोठा भाग राखून ठेवला, तीच संहिता पोटगीच्या हुकूमनाम्याच्या वेळी ऋणकोसाठी फक्त तिसरा हिस्सा राखते. म्हणजे टाकलेल्या बायकोचा व उपाशी लेकराचा हक्क तिने सावकाराच्या हक्काहून मोठा मानला. जो घरच्यांची तरतूद करीत नाही तो विश्वास नाकारणारा होय, असे पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात म्हटले आहे. परराज्यात कामास जाऊन तेथेच दुसरा संसार थाटणारे व घरी पैसा न पाठविणारे काही लोक आमच्यातही आहेत. त्यांनी हे समजून असावे की, लेकराचे देणे हेही देणेच आहे, आणि ते सर्वांत जुने देणे आहे.

धनकोंस व त्यांच्या माणसांसही दोन शब्द सांगितले पाहिजेत. मजुराने पोटाच्या अडचणीत "माझी मजुरी जप्त झाली तरी माझी हरकत नाही" असे कागदावर लिहून दिले, तरी तो करार रद्दबातल आहे. ६० व्या कलमाचे संरक्षण सोडून देण्याचा अधिकारच त्याला नाही. पगाराचा जप्तीस पात्र असा भाग एकाच हुकूमनाम्यापायी एकूण २४ महिने जप्त राहिला, म्हणजे त्या हुकूमनाम्यासाठी तो पुन्हा जप्त होत नाही. आणि केवळ दारिद्र्यामुळे देणे फेडता आले नाही म्हणून मनुष्यास दिवाणी तुरुंगात घालणे न्यायाचे नव्हे, त्यासाठी त्याची लबाडी दिसली पाहिजे, असा निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली दिला. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील त्या निर्दय दासाने आपल्या सोबत्यास तुरुंगात टाकले होते. त्याचे पुढे काय झाले ते आपण सर्व जाणतो. न्यायालयाच्या हुकुमावाचून जो कोणी कारखान्याच्या दारात उभा राहून पगार हिसकावतो, किंवा फोनवर धमक्या देऊन नातलगांत बदनामी करतो, त्याला कायद्याचा आधार नाही आणि देवाचाही नाही.

ऊसतोडीस जाणाऱ्या बंधुभगिनींची गोष्ट तर ह्याहून कठीण आहे. बीड, अहिल्यानगर व आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास नवराबायकोची कोयती निघतात. काही पश्चिम महाराष्ट्रात जातात, काही हद्द ओलांडून कर्नाटकात. निघण्यापूर्वीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. म्हणजे मजुरी मिळण्याआधीच ती खाऊन झालेली असते, आणि पुढचे सहा महिने मनुष्य आपल्याच भाकरीमागे धावत असतो. ऋणापायी मनुष्यास बांधून ठेवण्याची रीत १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने बंद केली. फिटली नाही म्हणून उचलीपायी कोणास डांबून ठेवणे, बायकामुलांस अडकवून ठेवणे, हा अपराध आहे, मग ते हद्दीच्या अलीकडे होवो वा पलीकडे. लाबानाने याकोबाची मजुरी पुनःपुन्हा बदलली, आणि देवाने ते पाहिले. परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दोन मुकादमांकडून उचल घेऊन एकास फसविणे, हेही आमच्यात घडते. आणि तो फसलेला मुकादम पुष्कळदा स्वतःच कर्जात बुडालेला असतो. पीडित मनुष्यासही पाप करता येते, हे कबूल केल्याने त्याची पीडा हलकी होत नाही. उलट तो मनुष्य आहे, केवळ दयेची वस्तू नव्हे, हे त्यामुळे दिसून येते.

आता कोणी शेवटची पळवाट काढील. "मुदत गेली," असे तो म्हणेल. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे साध्या उसनवारीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. त्यानंतर न्यायालयाचे दार बंद होते. खरे आहे. पण दार बंद होते, ऋण नाहीसे होत नाही. करार कायद्याच्या २५ व्या कलमात असे आहे की, मुदत गेलेले देणे देईन असे मनुष्याने लेखी व सहीनिशी कबूल केले, तर ते वचन बंधनकारक होते. म्हणजे मुदतीनंतरही मनुष्याच्या आत काहीतरी जिवंत राहते, हे कायद्यानेसुद्धा गृहीत धरले आहे. आम्ही त्यास विवेक म्हणतो. त्याला मुदत नाही, आणि हद्दही नाही. निपाणीच्या बाजारात तो शमुवेलाच्या मागोमाग चालतो, आणि सायंकाळी त्याच्याबरोबर परत घरी येतो.

शास्त्रात हद्द ओलांडून गेलेल्या एका ऋणकोची गोष्ट आहे. अनेसिम हा फिलेमोनाकडून पळून दूर गेला होता. त्याने धन्याचे काही नुकसानही केले असावे, असे पौलाच्या शब्दांवरून दिसते. बंदिवासात असलेल्या पौलाजवळ त्याचे अंतःकरण पालटले. तेव्हा पौलाने त्याला असे सांगितले नाही की, आता तू प्रभूचा झालास, मागचे सर्व विसर. त्याने त्याला परत पाठविले. फिलेमोनालाही असे लिहिले नाही की, तुझा हक्क आहे, तो वसूल कर. त्याला बंधू म्हणून स्वीकार, असे त्याने लिहिले. आणि काही देणे असेल तर ते माझ्या नावे मांड, मी फेडीन, असे स्वहस्ताने लिहून दिले. पाहा, ऋण नाकारले गेले नाही, दया नाकारली गेली नाही, आणि दोहोंमधील अंतर तिसऱ्या मनुष्याने आपल्या पदरच्या खर्चाने भरून काढले. मंडळी म्हणजे जर काही असेल, तर ती हीच जागा होय. आमचे स्वतःचे ऋणपत्र प्रभूने फेडले, हे आम्ही दर रविवारी ऐकतो. त्याच देवळाच्या पायरीवर विधवेचे एक लाख रुपये बुडावेत, हे कसे चालेल?

म्हणून उपदेशक बंधूंस माझी विनंती अशी आहे. आपल्या मंडळीतील कोणी परराज्यात कामास निघाला, तर त्याच्यासाठी प्रार्थना करण्यापूर्वी त्याला विचारा की, बाबा, कोणाचे देणे मागे ठेवून चालला आहेस काय? असेल, तर त्याला धनकोच्या दारी घेऊन जा. दरमहा किती व कोणाच्या हाती पाठवावयाचे, हे दोघांसमोर कागदावर लिहून घ्या आणि एक एक प्रत दोघांस द्या. जामिनास मागे एकटे टाकू नका. धनको श्रीमंत असेल, तर त्याला नहेम्याच्या पाचव्या अध्यायाची आठवण द्या. त्यात अधिपतीने आपण स्वतःही उसने दिले आहे असे कबूल करून, चला, आपण हे सोडून देऊ, असे म्हटले होते. धनको गरीब असेल, तर मंडळीच्या दानातून तिला काही धीर देता येतो का, ते पाहा. बंधूबंधूंचा तंटा मिटविण्यास मंडळीत कोणी शहाणा नाही काय, असे पौलाने करिंथकरांस विचारले होते. परंतु जेथे लबाडी निगरगट्ट झाली असेल, तेथे विधवेस "क्षमा कर" एवढेच सांगून घरी पाठवू नका. तिच्याबरोबर न्यायालयाची पायरी चढा. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या न्यायालयांत विधी सेवेची व्यवस्था असून स्त्रियांस तेथे मोफत वकील मिळतो. गरिबास हक्क मिळवून देणे हेही उपदेशकाचे काम आहे.

आणि शमुवेला, तू हे वाचीत असशील, तर पुढच्या पगाराच्या दिवशी घरी येताना रूथमावशीच्या दारावरून जा. पाचशे असोत वा पाच हजार असोत. तिच्या हातावर ठेव आणि म्हण, "मावशी, हे तुमचे." त्या सायंकाळी तुझ्या ताटातली भाकर तुझी स्वतःची असेल, आणि योहानतात्या येत्या रविवारी तुझ्या शेजारी येऊन बसतील.

प्रभू आम्हा सर्वांस, देणे असेल तेथे द्यावयास व सोडणे असेल तेथे सोडावयास, मोकळे अंतःकरण देवो.